‘कोडिंग’च्या नावाखाली गेलेले ५९,२५० रुपये

जालना जिल्ह्यात आमची मोसंबी आणि केसर आंब्याच्या कलमांची परवानाधारक रोपवाटिका आहे. संकेतस्थळ करून देतो म्हणणाऱ्या एका तरुणाने आमच्याकडून एकूण ५९,२५० रुपये नेले. उभारणीचे ३२,०००, ‘मोबाइल आवृत्ती’चे वेगळे ६,५००, वार्षिक देखभालीचे १४,००० आणि प्रत्येक किरकोळ बदलामागे ७५० प्रमाणे ६,७५०, असा तो हिशेब आहे. पावत्या आहेत, पण त्यांवर जीएसटी क्रमांक नाही. अशी माणसे गोड बोलून आगाऊ रक्कम कशी काढतात हे वाचकांना ठाऊक असल्याने ते सांगत बसत नाही.

सांगायचे आहे ते एका दुपारचे. तो आमच्याच कार्यालयात लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्याच्या डाव्या बाजूला लहान लहान चौकटी होत्या आणि त्यांवर हेडिंग, इमेज, बटन, व्हिडिओ अशी नावे होती. त्याने ‘इमेज’ची चौकट माउसने ओढून पानावर सोडली, आमच्या कलमांचे छायाचित्र निवडले आणि ‘अपडेट’ दाबले. मी विचारले, “एवढंच?” तो म्हणाला, “काका, हे नुसतं वरचं आहे. मागं सगळं कोडिंग चालू असतंय.” मी त्याच्यासाठी चहा मागवला! ते वाक्य पूर्ण खोटेही नव्हते, आणि लबाडी नेमकी तिथेच होती. मागे कोड असतो, पण तो याने लिहिलेला नसतो. कलमाचा जोड पाहून ते टिकेल की नाही हे मी सांगू शकतो. पडद्यावरच्या चौकटीची किंमत मी कशावरून ओळखावी? त्यातून मृगाच्या तोंडावर बीड-परभणीकडून रोपांसाठी फोन सुरू असताना कोणता रोपवाटिकावाला संगणकाचा अभ्यास करत बसेल?

पुढे भाचीने दाखवले तेव्हा सगळे उघड झाले. २००३ पासून मोफत मिळणारे वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवण्याचे सॉफ्टवेअर, त्यावर एलिमेंटॉर नावाचे पान रचण्याचे साधन, ज्याची मूळ आवृत्तीही मोफत आहे, आणि त्यात उचलून टाकलेला एक तयार आराखडा. कलमाच्या भाषेत खालचा खुंट दुसऱ्याचा, वर बांधलेला डोळा दुसऱ्याचा आणि पाटी तेवढी आमची, असा हा प्रकार होता. या साधनात पान म्हणजे कंटेनर नावाचे कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत मजकूर, छायाचित्र, बटन यांच्या चौकटी ओढून ठेवायच्या असतात. चौकटीवर क्लिक केले की डावीकडे तीन भाग उघडतात: पहिल्यात मजकूर, दुसऱ्यात रंग व अक्षरांचा आकार आणि तिसऱ्यात आजूबाजूची मोकळी जागा वगैरे. दूरध्वनी क्रमांक बदलणे म्हणजे पहिल्या भागात जुने आकडे खोडून नवे लिहिणे आणि ‘अपडेट’ दाबणे. याचे ७५० रुपये!

‘मोबाइल आवृत्ती’ हा तर शुद्ध दरोडा निघाला. तेच पान मोबाइलवर कसे दिसेल ते पाहून नीट करण्याची सोय त्याच साधनात असते. या पठ्ठ्याने दरपत्रकाचा कप्पा सरळ दोनदा ठेवला होता, एक मोबाइलवर लपवलेला आणि दुसरा संगणकावर लपवलेला. मोसंबीच्या कलमाचा दर ६० वरून ७५ झाला तेव्हा त्याने संगणकावरचा तेवढा बदलला. शेतकरी पाहतात मोबाइलवर, त्यामुळे आमच्या दारात भांडणे झाली, आणि दुसऱ्या कप्प्याचे त्याने वेगळे ७५० मागितले. कोणी मोबाइलसाठी निराळी रक्कम सांगितली तर त्याला तिथूनच वाटेला लावा.

चौकशीच्या अर्जाचे तर सांगवत नाही. या साधनातला अर्ज भरला की वेगळा पत्ता दिला नसल्यास ईमेल संकेतस्थळाच्या मुख्य प्रशासकाच्या पत्त्यावर जातो. प्रशासक तोच होता. शेतकऱ्यांची नावे, गावे, क्रमांक त्याच्याकडे जात राहिले आणि आम्ही समजत होतो की कोणी अर्जच भरत नाही. आम्हाला त्याने ‘एडिटर’ दर्जाचा प्रवेश दिला होता आणि त्या दर्जाला एलिमेंटॉर उघडण्याची परवानगीच बंद करून ठेवली होती. तुमचा दर्जा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या प्रशासकाचा, नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नका. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, तोही त्याच्याच नावावर आहे. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या पैशाने घ्या. ‘डॉट इन’चे वर्षाचे भाडे काही शेकड्यांत असते. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचे झाल्यास ऑथ कोड, म्हणजे हस्तांतरणाचा गुप्त संकेतांक लागतो आणि तो देण्यासाठी याने १५,००० मागितले. ते मी दिले नाहीत, तेव्हा त्याने पासवर्ड बदलले.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस ठाण्यात विचारणा झाली की पैसे तुम्हीच दिले, संकेतस्थळ दिसतेही आहे, मग फसवणूक कुठे झाली? सायबर विभागात एकच प्रश्न होता, ओटीपी कोणाला दिला होता का. नाही म्हटल्यावर, मग हे आमच्याकडे येत नाही. ओटीपी न देण्याची खबरदारी घेणाऱ्याला तक्रारीचा हक्क नसतो, हे मला तिथे कळले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे असे म्हणालो, तर ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर माझा कागद न वाचताच मिळाले, आणि बाहेर पडताना अर्जाची पोचही हाती आली नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर टेबलामागच्या गृहस्थांनी धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असे सांगून फाइल परत सरकवली. २०१९ च्या कायद्यातच स्पष्टीकरण आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेऊन वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही; सेवेलाही तोच न्याय लावावा, असे माझे म्हणणे होते. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. हे त्यांना मी सांगायचे, आणि पगार त्यांनी घ्यायचा! त्यांनी वकील करा असा सल्ला तेवढा दिला.

तक्रार आता लेखी दाखल केली आहे. भाचीने नवे संकेतस्थळ आमच्या नावाच्या डोमेनवर उभे केले असून त्यातले दर मी स्वतः बदलतो. जुन्या पत्त्यावर मोबाइलमध्ये कलमाचा दर अजूनही ६० रुपये दिसतो. तो आमचा दर नाही, आणि तिथल्या अर्जात आपला क्रमांक कोणी भरू नये.