बॉल जॉइंट सोडवायला काटा घ्यावा की पुलर?

लोअर आर्मचं (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं) बुश, म्हणजे रबरी गादी बदलायचीय, म्हणून चांगला बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडची बाजू जोडणारा गोळ्याचा सांधा) सोडवून परत तोच बसवायचाय, ही एक गोष्ट. जॉइंटच गेलाय, नवा टाकायचाय, ही दुसरी. हत्यार कुठलं घ्यायचं ते इथंच ठरतं.

आधी गाडीखाली वाकून बघा. अल्टो, स्विफ्टसारख्या गाड्यांत खालच्या जॉइंटची दांडी नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागात) आडव्या बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट पूर्ण बाहेर काढून पहारीनं आर्म खाली दाबला की काम झालं. तिथं हत्यार लागतं ते टाय रॉड एंडला (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याला). बोलेरोत मात्र वरचा-खालचा दोन्ही जॉइंट टॅपरचे, म्हणजे निमुळती दांडी निमुळत्या भोकात रुतून बसलेली. नट काढला तरी दांडी हलत नाही.

काटा म्हणजे दोन पात्यांची पाचर. जॉइंट आणि नकलच्या मध्ये घालून घण मारायचा. पात्यांमधली फट टाय रॉडला ११/१६ इंची, बॉल जॉइंटला १५/१६ इंची. स्वस्त आणि झटपट, पण जॉइंटवरचा रबराचा बूट (आवरण) फाडल्याशिवाय सहसा राहत नाही. आपल्या सोलापुरात हे फार महागात पडतं. फाटक्या बुटातून फुफाटा आत गेला की ग्रीसच जॉइंट घासायला लागतं. सुरुवातीच्या काळात मी एका बोलेरोचा चांगला जॉइंट काट्यानं सोडवला. बुटाला नखाएवढी चीर गेली होती, तशीच बसवली. तेव्हा हुरड्याचे दिवस होते. पाडव्याच्या आधी गाडी परत आली, चाक हलवलं की टक्-टक्. नवा जॉइंट मी माझ्या पैशानं टाकून दिला. तेव्हापासून काटा फक्त भंगारात जाणाऱ्या जॉइंटला.

पुलरचा एक जबडा बूट आणि नकलच्या मध्ये सरकतो, दुसरा दांडीच्या टोकावर बसतो. स्क्रू रिंग पान्यानं आवळत जायचं. पाना जड होतो, मग अगदी जाम होतो, आणि एकदम ‘टाण्’ आवाज येऊन टॅपर सुटतो. नट उलटा करून तीन-चार आटे अडकवून ठेवा. आटे वाचतात, आर्म झटक्यात खाली येत नाही. नाहीच सुटलं तर ताण तसाच ठेवून नकलच्या कानावर (दांडी ज्या भोकात बसते त्याच्या कडेवर) बाजूनं एक ठोका द्या. घेताना फोर्ज केलेलाच (ठोकून घडवलेलाच) घ्या. जबड्याची फट तुमच्या दांडीच्या जाडीशी मोजून बघा आणि खिळ बसवायला दोन भोकं असलेला कात्रीसारखा निवडा. लहान-मोठ्या दोन्ही जॉइंटला चालतो. स्क्रूला ग्रीस लावल्याशिवाय वापरू नका.

दोन हातोड्यांची जुनी पद्धत फुकटची आहे: एक कानाच्या मागं टेकवायची, दुसरीनं समोरून मारायचं. बुटाला धक्का लागत नाही. पण २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, त्याचा सेन्सर नकललाच असतो. घाव चुकला तर तो जातो. अल्युमिनियमच्या नकलवर तर हातोडी उचलूच नका.

एकच घ्यायचं असेल तर पुलर. गॅरेज टाकताय तर महिन्याभरानं काटाही घ्या, गंजून बसलेल्या जुन्या जॉइंटला तो लागतोच. आणि बोलेरोला काहीही वापरा, लोअर आर्मखालचा जॅक काढू नका. स्प्रिंगचा सगळा जोर त्या आर्मवर असतो.