शेजाऱ्याची भरभराट: कारखाना, पगार की वीज?

आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे खरं. पण आड तुडुंब असूनही पोहरा रिकामा वर येतो, त्याचं काय? श्रीमंत शेजारी लाभलेल्या देशांचं बऱ्याचदा असंच होतं. धोरण ठरवायचं असो वा पैसा गुंतवायचा असो, शेजाऱ्याच्या वाढीचा दर नंतर बघा. ती वाढ कुठल्या वाटेने सीमा ओलांडते, ते आधी बघा.

कारखान्याची वाट सगळ्यांना भुरळ घालते, पण तिच्यातही दोन जाती आहेत. मेक्सिकोने १९६५पासून सीमेलगत ‘माकिलादोरा’ कारखाने उभारू दिले: सुटे भाग बिनजकात आत, जुळवलेला माल परत अमेरिकेत. सीमेवरच्या स्युदाद ख्वारेस शहरात मोटारींच्या वायरिंगचे जुडगे बनतात. फळीवर खुंट्या ठोकलेल्या, त्यांच्यामधून रंगीत वायरी ठरल्या क्रमाने ओढायच्या, टेप गुंडाळायची, पुढची फळी घ्यायची. रोजगार लाखोंना मिळाला. पण त्या कारखान्यांना लागणारा मेक्सिकोतला कच्चा माल कित्येक वर्षं नगण्यच होता, मग आजूबाजूचे छोटे कारखानदार मोठे होणार कसे?

चेक प्रजासत्ताकात गाडी वेगळ्या रुळावर गेली. १९९१मध्ये शेजारच्या जर्मनीची फोक्सवॅगन स्कोडा या चेक मोटार कंपनीत शिरली, तेव्हा स्कोडाच्या म्लादा बोलेस्लाव गावात मोटारी बनवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आधीच होता. आज तिथली इंजिनं आणि गिअरबॉक्स फोक्सवॅगन समूहाच्या इतर गाड्यांतही बसतात. म्हणून मेक्सिको की चेक, हे ओळखायला मी एकच आकडा मागवेन: निर्यातीच्या किमतीतला किती हिस्सा देशातच तयार होतो?

शेजाऱ्याच्या मंदीची झळ मात्र दोन्ही जातींना लागते. २००९मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांच्या आसपास घसरली, तर मेक्सिकोची पाचाहून अधिक. (त्यात स्वाइन फ्लूचाही हात होता.) निर्यातीतला सुमारे ८० टक्के माल एकाच गिऱ्हाइकाकडे जात असेल तर दुसरं काय होणार?

पगाराची वाट, म्हणजे शेजारी देशात जाऊन कमावायची, लवकर फळते आणि पैसा थेट घरात येतो, सरकारी तिजोरीला वळसा न घालता. लेसोथोच्या चारही बाजूंना दक्षिण आफ्रिका. चलन लोटी, तेही दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथले लाखाहून अधिक पुरुष शेजारच्या खाणींत होते. सोनं काढणं परवडेनासं झालं, कपात सुरू झाली, आणि दहा-पंधरा वर्षांत हा आकडा साधारण निम्म्यावर आला. घरं बांधून झाली होती, मुलं शिकली होती. पण खाणीतून परतलेल्याला गावात काम नव्हतं. तरीही, ज्या देशात आज काहीच उभं नाही, त्याने ही वाट नाकारू नये असंच मी म्हणेन. फक्त जाणारा माणूस कुठलं काम शिकून परत येणार, हे विचारून घ्यावं.

विजेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लाओसचा नाम थेउन-२ जलविद्युत प्रकल्प २०१०मध्ये सुरू झाला, क्षमता हजार मेगावॉटहून थोडी अधिक, आणि बहुतेक वीज थायलंडला जाते. परकीय चलन नियमित येतं. पण धरण बांधताना हजारो हात लागतात, चालवायला मूठभर. मिळकतीचा मोठा भाग कर्जाच्या हप्त्यांतच जाणार असेल, तर ही वाट मी तिन्हींत शेवटची धरेन.