केनियाच्या आकाशातील फुग्यांची फोर-जी सेवा

जुलै 2020 मध्ये गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिची ‘लून’ आणि केनियातील दूरसंचार कंपनी ‘टेलकॉम केनिया’ यांनी सुरू केलेल्या या सेवेचे मोबाइल मनोरे जमिनीपासून सुमारे 20 किलोमीटर उंचीवर, टेनिस कोर्टाएवढ्या पॉलिथिनच्या फुग्यांखाली टांगलेले होते. 35 च्या आसपास फुगे पश्चिम व मध्य केनियातील जवळपास 50,000 चौरस किलोमीटर प्रदेशावर सिग्नल पुरवत होते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ग्राहकाची सोय. छपरावर तबकडी नको, वेगळे यंत्र नको. खिशातला साधा फोर-जी फोन पुरे, आणि त्यामुळे मटाटूतून (केनियातील प्रवासी मिनीबसमधून) गावोगाव फिरणाऱ्या प्रवाशालाही ही सेवा वापरता येत होती. इथे फोन चालता आणि वरचा मनोराही वाहता! फुग्याला इंजिन नव्हते. आत हवा भरून किंवा सोडून तो खाली-वर होई आणि हव्या त्या दिशेचा वारा पकडी. ही कल्पकता पाहून मन भरून येते.

वेगही समाधानकारक होता: चाचणीत डाउनलोड 18.9 व अपलोड 4.74 मेगाबिट प्रतिसेकंद, तर विलंब (सिग्नल जाऊन परत येण्यास लागणारा वेळ) अवघा 19 मिलिसेकंद. व्हिडिओ कॉलला एवढे पुष्कळ झाले.

उणीव एकच, पण जिव्हारी लागणारी: खर्च. तो पुरेसा खाली न आल्याने जानेवारी 2021 मध्ये प्रकल्प गुंडाळण्याची घोषणा झाली, तेव्हा केनियातील सेवेला वर्षही झाले नव्हते.