लाखेचं सील आणि एकाहत्तर मार्क

सुपरवायझर परवान्याच्या एका क्लासमध्ये माझे ३८,५०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात, आणि मी दोन-तीन जणांना लाजेपोटी ‘असतील वीस-पंचवीस’ असं सांगून मोकळा झालोय. पाच हजार नोंदणी, बारा हजार क्लास, अठरा हजार ‘तोंडी परीक्षेची सोय’, आणि शेवटी साडेतीन हजार कसले, तर लॅमिनेशन आणि कुरिअरचे. शेवटचे साडेतीन हजार जास्त डाचतात.

मी इलेक्ट्रिशियन आहे. आयटीआय झालं, तारतंत्रीचा परवाना काढला, आणि अकरा वर्षं मुंबईत वायरिंगचीच कामं करतोय. चाळी पाडून टॉवर उभे राहतात, त्यांच्या मीटर रूम, रायझर, पंपाची पॅनलं. शहरात काम असेल तर बेस्टशी गाठ, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानीशी, मुलुंड-भांडुपला महावितरणशी. काम सगळं हातचं. पण काम संपलं की टेस्ट रिपोर्टचा, म्हणजे वायरिंग तपासल्याचा कागद पुढे येतो आणि तिथे माझी सही चालत नाही. वीज जोडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं आणि ते सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवं, असा नियमच आहे. साइटवर आम्ही त्याला सुपरवायझर लायसन म्हणतो. आमच्याकडचे सुपरवायझर काका वय झालं म्हणून गावी निघाले होते. आमचे ठेकेदार शेठ म्हणाले, “तू परवाना काढ, पगारात सहा हजार वाढवतो. बाहेरचा माणूस मला नको.”

हे जून २०२४ मधलं. आठवडाभरात कुर्ल्याच्या पुलावर एक जाहिरात चिकटवलेली दिसली. ‘सुपरवायझर परवाना, शंभर टक्के पास.’ शंभर टक्के पास म्हणजे काय हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. तरी फोटो काढून ठेवला. चार दिवस फोन केला नाही, पाचव्या दिवशी केला.

दादरला पश्चिमेला, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका दुकानावरच्या पोटमाळ्यावर क्लास होता. तिथले ‘सर’ पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं शांत. पैशाचा विषय त्यांनी काढलाच नाही. आधी गाव विचारलं. मी सातारा म्हटल्यावर त्यांची आत्या कराडला निघाली. मग म्हणाले, “वायरिंग झाल्यावर मेगर लावतोस, तेव्हा काय बघतोस?” मी म्हटलं, पाचशे व्होल्टचा मेगर, इन्सुलेशन रेझिस्टन्स निदान एक मेगओहम. (मेगर म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजायचं मीटर.) ते खुर्चीतून उठले आणि माझा हात हातात घेतला. “अरे, तुझ्यासारख्याला परीक्षेची भीती कसली? तुला फक्त कागद पाहिजे. ज्ञान आहेच.”

मी तिथेच विरघळलो. अकरा वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. साइटवर इंजिनिअर पोरं येतात, पंचविशीची, आणि ‘ए वायरमन’ म्हणून हाक मारतात. हा माणूस उठून उभा राहिला. पैसे मी त्याच दिवशी दिले, रोख. पावती मागितली नाही, कारण मागणं बरं दिसलं नसतं.

अभ्यास मात्र मी खरा केला, हे लिहिलंच पाहिजे. संध्याकाळी घरी आलो की गॅलरीत पाट टाकून बसायचो. बायको वही धरून प्रश्न विचारायची. तिला आता अर्थिंगसाठी जमिनीत पुरायचा पाइप किमान अडीच मीटरचा लागतो हे पाठ आहे, आणि मोटरच्या बॉडीला अर्थिंगच्या दोन वेगवेगळ्या तारा का द्यायच्या हे ती माझ्या मेव्हण्यालाही समजावते. एक निसटली किंवा गंजली तरी दुसरी असते. ट्रान्सफॉर्मरचं गणित मला आधी जमत नव्हतं. साइटवर आम्ही केव्हीएला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेला, १.३९ ने गुणतो आणि पुढे जातो. पाचशे केव्हीए म्हणजे साधारण ६९५ अँपिअर. हा १.३९ येतो कुठून, ते या वेळी पहिल्यांदा कळलं. हजाराला ४१५ व्होल्टने आणि वर्गमूळ तीनने भागायचं, एवढंच. अकरा वर्षं एक आकडा वापरत होतो आणि तो कुठला हे माहीत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानेच.

सरांच्या नोट्स झेरॉक्स होत्या, स्पायरल लावलेल्या. त्यात स्टार-डेल्टा स्टार्टरचं, म्हणजे मोठी मोटर कमी करंटवर सुरू करणाऱ्या जोडणीचं, एक उदाहरण होतं. वीस एचपी मोटर, पूर्ण भाराचा करंट २८ अँपिअर धरलेला, आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की पडून मोटर बंद करणारा, २८ वरच लावायला सांगितलेला. स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल तर त्यातून लाइन करंटच्या ५८ टक्केच जातात. सोळाच्या आसपास लावावा लागतो. २८ वर ठेवला तर मोटर जळून जाईल, पण रिले पडणार नाही. माझ्या हातून एक मोटर अशीच गेली आहे, भिवंडीच्या एका कारखान्यात, म्हणून हे मला पुस्तकातून नाही तर वासाने माहीत आहे.

मी सरांना विचारलं, “ही छपाईची चूक आहे ना?”

“पेपरात असंच लिहायचं. साइट वेगळी, परीक्षा वेगळी.”

मी गप्प बसलो. वहीत २८ लिहून घेतलं. मला सावध करणारी गोष्ट मला माझ्याच धंद्यातून मिळाली होती. माझ्यापेक्षा हुशार कुणी सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी परीक्षा झाली. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता, म्हणून मी दोन तास आधी निघालो. ‘यंदा मान्यताप्राप्त केंद्रांवरच पेपर घेताहेत’ असं सरांनी सांगितलं होतं, आणि केंद्र होतं तोच पोटमाळा. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आम्ही चौदा जण नवे शर्ट घालून बसलो होतो. फोटो लावलेलं हॉल तिकीट होतं. मोबाइल काढून घेतले. तपकिरी पाकिटाला लाखेचं सील होतं, ते सरांनी आमच्यासमोर फोडलं. तीन तासांनी उत्तरपत्रिका दुसऱ्या पाकिटात घालून मेणबत्तीवर लाख वितळवून पुन्हा सील केलं आणि दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. त्यातला एक मी. त्या पाकिटावर माझी सही आहे.

पेपर चांगला गेला. अगदी मनापासून सांगतो, आयुष्यात कुठलाही पेपर मला इतका चांगला गेला नव्हता. सबस्टेशनची सिंगल लाइन आकृती पट्टीने काढली.

दिवाळीनंतर सरांचा फोन. लेखीत मला ७१ मार्क पडले होते. आता फक्त तोंडी राहिली. “तोंडीला साहेब लोक तुला इंग्रजीत विचारणार. अडकशील. अठरा हजारांत सोय होते.” इथे मी निरपराध नाही. सोय म्हणजे काय ते मला कळत होतं. स्वतःला म्हटलं, लेखी तर मी माझ्या जिवावर पास झालो, तोंडीपुरतं काय. आणि त्यांनी दिलेल्या तीन वेगवेगळ्या नंबरांवर सहा-सहा हजार फोनवरून पाठवले. तीन नंबर, तीन नावं, एकही नाव सरांचं नाही. वर आमच्या गणेशलाही सांगितलं. गणेश माझा हेल्पर, तेवीस वर्षांचा, रोजावर काम करतो. त्याने पुढच्या बॅचसाठी सतरा हजार भरले, माझ्या शब्दावर.

प्रमाणपत्र आलं. जाड कागद, निळा शिक्का, कोपऱ्यात चकाकणारा हॉलोग्राम. आईने देव्हाऱ्यापुढे ठेवलं, पेढे वाटले. शेठनी ते ठेकेदार परवान्याच्या कागदांना जोडायला घेतलं, पण आधी चेंबूरला जाऊन खात्री करून ये म्हणाले. शेठ सगळ्यांवर संशय घेतात, त्याचा मला नेहमी राग यायचा.

चेंबूरच्या प्रशासकीय इमारतीत विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे. तिथल्या टेबलावरच्या ताईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“दादा, फी कुठे भरली?”

मी हॉल तिकिटाबरोबरची पावती दाखवली.

“शासनाकडे फी भरली की ग्रासची, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन भरण्याच्या साइटची, पावती मिळते. तिच्यावर जीआरएन नंबर असतो. तुमच्या पावतीवर कुठाय? तो नंबर ग्रासच्या साइटवर टाकून कुणीही तपासू शकतं, आमच्याकडे यायलाही नको.” मग त्यांनी माझी वही बघितली, मी ती बरोबर घेऊन गेलो होतो, का ते देव जाणे. “हे नियम १९५६ चे आहेत. वीज प्राधिकरणाचे नवे नियम २०१० साली आले, तेही जाऊन आता २०२३ चे लागू आहेत. तुम्ही पाठ काय केलंत?”

पाठ केलं होतं रूल ४५, रूल ४६, रूल ६१. साइटवर जुनी माणसं आजही हेच आकडे बोलतात, म्हणून मला ते नवे-जुने असतील अशी शंकाच आली नाही. फसवणाऱ्याला याचाही फायदा झाला असणार. एवढे जुने कागद दादरमध्ये रद्दीच्या भावाने मिळतात.

ताईंनी ओरडा नाही केला. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, यावर एखाद्या टेस्ट रिपोर्टला सही केली असती आणि उद्या तिथे कुणाला शॉक लागून काही झालं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं? मी अजून एकही सही केली नव्हती. शेठच्या संशयाने वाचलो.

दादरला गेलो तर पोटमाळ्यावर साड्यांचे गठ्ठे रचलेले होते. खालच्या दुकानदाराने सांगितलं, जागा महिन्याच्या भाड्याने दिली होती. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा फोनवरून पाठवलेल्या अठरा हजारांचे तरी पुरावे होते, रोखीच्या साडेवीस हजारांचं काहीच नव्हतं. हवालदार म्हणाले, ऑनलाइन पैसे गेले की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, मग रक्कम पुढे जायच्या आत अडवता येते. मी तर तीन महिन्यांनी आलो होतो. तक्रार घेतली, फसवणुकीचं कलम ३१८ लागेल म्हणाले. अजून काही हाती लागलेलं नाही.

तिथेच आमच्या बॅचमधला एक जण भेटला, कळव्याचा, लिफ्टचं काम करणारा. तोही कागद घेऊन आला होता. बाकावर बसून आम्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी धरल्या. त्यालाही ७१. घरी येऊन मी आणखी दोघांना फोन लावला. एकाला ७१, आणि दुसऱ्याने नुसतंच विचारलं, “तुलाही?” पैसे गेल्याचं आईला सांगताना डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्या रात्री आलं. लाखेचं ते पाकीट बहुतेक उघडलंच नसेल. पट्टीने काढलेली ती आकृती कुणी पाहिलीच नाही.

हॉलोग्राम नंतर नखाने काढून पाहिला. लहान मुलांच्या वह्यांना लावतात तसा स्टिकर निघाला.

आता २०२३ चे नियम उतरवून घेतलेत आणि पालिकेच्या अभ्यासिकेत बसतो. शेजारी स्पर्धा परीक्षांची पोरं असतात, त्यांना वाटतं मी कुणाला तरी न्यायला आलोय. अर्ज या वेळी स्वतः भरला. जीआरएन नंबर तपासला, दोनदा. स्टार-डेल्टाच्या पानावर २८ खोडून १६ लिहिलं आणि खाली भिवंडी असं लिहून ठेवलं.

गणेश अभ्यासिकेत माझ्या बाजूलाच बसतो. त्याने मला एका शब्दानेही बोललेलं नाही, त्यामुळे जास्त अवघड जातं. त्याचे सतरा हजार मी देतोय, पगाराच्या दिवशी दोन-दोन हजार. पहिल्या महिन्यात तो घेईना, मग त्याच्या आईकडे दिले. अजून चार हप्ते बाकी आहेत, शेवटचा हजाराचा.