आरव्हीत कुटुंबासह पूर्ण वेळ राहण्याचा वापरानंतरचा अनुभव, आणि आम्ही शेवटी भाड्याचं घर का घेतलं

सुट्टीत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन आठवडाभर फिरणं वेगळं आणि घर रिकामं करून त्यातच राहायला जाणं वेगळं. नेटवर बहुतेक रिव्ह्यू पहिल्या प्रकारचे सापडतात, म्हणून हा दुसऱ्या प्रकारचा. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा, वर्षभराहून जास्त काळ गाडीमागे ओढायच्या एका तीस फुटी ट्रेलरमध्ये राहिलो. मागे मुलांचे एकावर एक बंक बेड, पुढे आमचा बेड आणि मधल्या जागेत उरलेला सगळा संसार. आता भाड्याच्या घरात आहोत. वैतागून परत आलो असं नाही हे आधीच सांगते, कारण 'आम्ही म्हटलंच होतं' म्हणणारे टपूनच बसलेले असतात.

आधी गाडीचं बोलू. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं घर, की ट्रेलर यावर आमच्याकडे भरपूर वाद झाले. मोटरहोममध्ये पोचलं की उतरायचंसुद्धा नाही, पाऊस असला तरी आतल्या आत सगळं. पण इंजिनचं काम निघालं की अख्खं घर गॅरेजमध्ये जातं आणि तुम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर. ट्रेलर असला की ओढणारी गाडी बंद पडली तरी बिऱ्हाड जागेवर राहतं, आणि ट्रेलर उभा करून नुसती गाडी घेऊन सामान आणायला, डॉक्टरकडे कुठेही जाता येतं. मुलं असतील तर मी डोळे झाकून ट्रेलरच सांगेन.

झोपायची सोय किती जणांची हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं, आणि सामान किती किलो चालेल हे दारापाशी एका छोट्या स्टिकरवर. वाचायचं ते स्टिकर. कपडे, भांडी, पुस्तकं, टूल्स आणि वर पाणी, सगळं त्याच आकड्यात बसवायचं असतं. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे दीडशे लिटरची टाकी भरून निघालात की १५० किलो तिथेच संपले. बरं, नुसतं एकूण वजन बघून भागत नाही, ते कुठे ठेवलंय तेही बघावं लागतं. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावर, यायला हवा. मागचे कप्पे ठासून भरले की हिचवरचा भार कमी होतो आणि हायवेवर बाजूने मोठा ट्रक गेला की ट्रेलर डुलायला लागतो, ते एकदा आरशात बघितलं की पुस्तकं आपोआप कमी होतात. टायरचंही तसंच. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, वरून नक्षी नवीकोरी दिसते आणि आत रबर कडक झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड घेणार असाल तर ट्रेलरच्या आतला सोफा नंतर बघा, आधी हे बघा.

वीज. आमचं कनेक्शन ३० अँपचं, अमेरिकन पद्धतीचं म्हणजे १२० व्होल्टचं, गुणाकार करा, ३६०० वॅट. छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि गीझरची इलेक्ट्रिक कॉइल यातलं कुठलंही दोन एका वेळी, तिसरं लावलं की अंधार. थोड्या दिवसांत मुलंच ओरडून विचारायला लागली, 'एसी बंद करू का, मला मायक्रोवेव्ह लावायचाय'. मोठ्या गाड्यांना ५० अँपचं असतं, त्यात १२० च्या दोन लाइन येतात म्हणून एकदम १२,००० वॅट मिळतात, त्यांना हा तमाशा नाही. कनेक्शन नसेल तिथे बॅटरीवर. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची, त्याखाली वारंवार नेली की ती लवकर मरते. लिथियमची जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नाही. म्हणजे थंडीत सकाळी ऊन पडलेलं, छतावरचे सोलर पॅनल तयार, आणि बॅटरी गारठलेली म्हणून चार्जिंग बंद. बॅटरी आतल्या बाजूला, उबेत बसवून घेतली तेव्हा हे थांबलं.

फ्रिजबद्दल लोक विचारतात. आमचा अॅब्सॉर्प्शनवाला होता, म्हणजे कॉम्प्रेसर नाही, उष्णतेवर चालतो, गॅसवरही आणि विजेवरही. १९२२ मध्ये स्वीडनमधल्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे काढलं, आत अमोनिया फिरतो, हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे आवाज शून्य. फक्त गाडी सपाट उभी पाहिजे, तिरकी राहिली तर आतलं द्रव नीट फिरत नाही आणि फ्रिज कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून कुठेही पोचलं की पहिलं काम लेव्हल लावणं, पाय मोकळे करणं वगैरे नंतर.

आता टाक्या. हा भाग कुणी फोटोत दाखवत नाही. ग्रे टाकीत सिंक-आंघोळीचं पाणी, ब्लॅकमध्ये टॉयलेटचं. भीती सगळ्यांना ब्लॅकची वाटते पण चार माणसं असली की आधी भरते ती ग्रे. त्यामुळे आंघोळ म्हणजे अंग ओलं करा, पाणी बंद, साबण, पाणी चालू, बाहेर या. बारा वर्षांच्या मुलीला हे पटवणं हा वेगळाच विषय आहे, तो राहू दे. सीवरचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं, कनेक्शन मिळालं म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट ते खाली साचून वाळतं, मग त्याचा डोंगर होतो आणि तो काढणारी माणसं वेगळी बोलवावी लागतात. टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद, मग आधी ब्लॅक सोडायची आणि तिच्यामागून ग्रे, म्हणजे पाइप धुऊन निघतो. हे काम आमच्याकडे आलटून पालटून होतं, पण पाऊस पडत असला की कुणाची पाळी आहे यावर मतभेद.

पण मला कुणी विचारलं की सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर मी टाकी नाही म्हणणार, ओल म्हणेन. चार माणसांचा श्वास, ओले टॉवेल, स्वयंपाकाची वाफ, सगळं एवढ्याशा डब्यात. त्यात गॅस. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, रसायनशास्त्राचं साधं गणित आहे, आणि शेगडीवरचं हे सगळं पाणी खोलीतच राहतं. रात्री काचा गळायला लागतात ते दिसतं तरी, पुसता येतं. एकदा चादरी बदलताना आमच्या बेडची गादी भिंतीच्या बाजूने उचलली तर खालचा प्लायवूड ओलाकच्च, बोट लावलं तर पाणी लागलं, आणि गादीच्या शिवणीवरून काळ्या ठिपक्यांची ओळ गेलेली. वर कोरडी चादर, उशी, सगळं व्यवस्थित, आणि आम्ही त्यावर आरामात झोपत होतो. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घातली, डीह्युमिडिफायर घेतला, स्वयंपाक करताना बाहेर कितीही थंडी असली तरी छताचा पंखा चालू आणि एक खिडकी बोटभर उघडी. हीटर लावून खिडकी उघडी ठेवायची हे ऐकायला येडपटपणा वाटतो पण तेच बरोबर आहे. आणि हो, शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही, कधीच नाही, ओलीचं सोडा, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. त्याचा डिटेक्टर आणि गॅस गळतीचा डिटेक्टर दोन्ही चालू पाहिजेत. गळतीचा जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, खालीच साचतो.

छत म्हणजे वरून रबरासारख्या मटेरियलचा एक थर, त्याला पंखा, एसी, अँटेना यासाठी भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती फट बुजवणारं सीलंट. उन्हाने आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ते सीलंट तडकतं, दर दोन-तीन महिन्यांनी वर चढून बघावं लागतं. आमच्या एका कोपऱ्यात पाणी शिरलं, ट्रेलर वॉरंटीत, आणि सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं की आणून सोडा, किती आठवडे लागतील सांगता येत नाही. अहो, आम्ही राहतो त्यात! समोरच्याला हा मुद्दा कळतच नव्हता. त्यांच्या लेखी आरव्ही म्हणजे सुट्टीची वस्तू. शेवटी नवऱ्याने ब्यूटाइल टेप, म्हणजे फटी बुजवायची चिकट पट्टी, आणून स्वतःच बसवलं. विम्याचंही असंच, साधी पॉलिसी सुट्टीच्या वापराची असते, पूर्ण वेळ राहणाऱ्यांची वेगळी असते आणि महाग असते. राहणार असाल तर विचारताना स्पष्ट सांगा, नाहीतर क्लेमच्या वेळी ते तुम्हाला विचारतील.

इंटरनेट चालतं, पुरेसं चालतं. दोन कंपन्यांची सिमं आणि झाडं आड नसतील तिथे स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट. पुढे.

आता मूळ गोष्ट. सुरुवातीला आम्ही दर तीन-चार दिवसांनी जागा बदलायचो, कारण फिरायलाच तर निघालो होतो. आवरणं, सगळे कप्पे लॉक करणं, पाइप गुंडाळणं, हिच जोडणं, चालवणं, पुन्हा लेव्हल, पुन्हा पाइप, यात दिवस जातो, आणि नोकरी दोघांचीही चालू, मुलांचा घरचा अभ्यास चालू. मग आठवडा राहायला लागलो. मग दोन आठवडे. ट्रेलर उभा करायच्या जागेचं महिन्याचं भाडं दिवसाच्या मानाने बरंच स्वस्त पडतं म्हणून मग महिना. आणि प्रत्येक वेळी जास्त राहिलो तेव्हा सगळंच सुधारलं, खर्च, झोप, अभ्यास, आमची भांडणं. जवळची लायब्ररी कळायची, पोहायचा क्लास लागायचा, दात दुखला तर जायचं कुठे ते माहीत असायचं.

मुलांच्या बाबतीत लोक जागेची काळजी करतात. जागेचं त्यांना काही वाटलं नाही, बंकला पडदा लावला की तेवढी खोली धाकट्याला पुरली, तो अजूनही त्या बंकच्या आठवणी काढतो. मुलीचं वेगळं. नवीन ठिकाणी पोचलं की शेजारची मुलं सायकली घेऊन यायची, चल म्हणायची, आणि ती आधी आत येऊन मला विचारायची, 'आपण किती दिवस आहोत इथे?' चार दिवस म्हटलं तर म्हणायची मग राहू दे, आणि पुस्तक घेऊन वर चढायची. महिना म्हटलं तर चप्पल घालून बाहेर. तिने मनाशी हिशोबच ठरवला होता. ती रडली नाही, तक्रार केली नाही, त्यामुळे आम्हाला हे लक्षात यायला वेळ लागला, पण एकदा आलं की 'किती दिवस' हा प्रश्न आमच्याही डोक्यात बसला. मग एका गावात तीन महिने राहिलो आणि तिथून निघायचा दिवस आम्ही दोनदा पुढे ढकलला. तेव्हा नवरा म्हणाला, की आपण चाकांचे पैसे भरतोय आणि चाकं वापरत नाहीये.

तेच खरं होतं. आरव्हीत राहायला आम्ही जसजसे सरावलो तसतसे कमी हललो, आणि हलायचं नसेल तर ओल, टाक्या, सीलंट हे सगळं सोसायचं कशासाठी? भाड्याने घर घ्यायचं ठरलं ते असं, भांडण नाही, कंटाळा नाही. त्याच गावात, मुलीच्या शाळेचं बघून.

घरात आल्यावर पहिला महिना मी नळ उघडा ठेवून भांडी घासताना दचकायचे. दरवाजा लावून ऑफिसच्या मीटिंगला बसता येतं याचं सुख काय सांगू. कायमचा पत्ता आला, त्यामुळे बँक, लायसन्स, पार्सल, शाळेचे फॉर्म, सगळीकडे पत्ता विचारला की बोबडी वळायची ते बंद झालं. पण घराचा खर्च कमी आहे असं कुणी समजू नका, आमचा महिन्याचा खर्च वाढलाय, आणि सामान कसं परत जमतं देव जाणे. ट्रेलरमध्ये एक वस्तू आली की एक बाहेर जायची, आता कपाटं आहेत म्हणून भरतात. शिवाय चौघं एका टेबलाशी बसणं कमी झालंय, ट्रेलरमध्ये दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

कुणाला जमेल? माझ्या मते शाळेच्या वयाआधीची मुलं असतील, किंवा मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील त्यांना सोपं जाईल. मधल्या वयाची मुलं असतील तर सुरुवातीपासूनच एका ठिकाणी महिना-दोन महिने राहायच्या हिशोबाने निघा. आणि घर विकून वगैरे लगेच उडी मारू नका, आधी ट्रेलर भाड्याने घेऊन पावसाळी आठवड्यात, ऑफिसचं काम आणि मुलांचा अभ्यास दोन्ही चालू ठेवून राहून बघा, चांगल्या हवेत सगळ्यांनाच आवडतं. नवीन घेणार असाल तर पहिल्याच काही वर्षांत किंमत बरीच पडते हे धरून चाला, दोन-तीन वर्षं वापरलेला, छत कोरडं असलेला मिळाला तर तो घ्या.

आमचा अजून विकलेला नाही. पाइपमधलं पाणी काढून, उरलेलं गोठू नये म्हणून अँटीफ्रीज घालून, बॅटरी घरात आणून ठेवलीय. नवरा म्हणतो थंडी संपली की जाहिरात टाकू, मी म्हणते आधी वर चढून सीलंट बघ आणि टायर बदल, मग फोटो काढ. धाकटा म्हणतो विकायचा नाहीच. सध्या प्रकरण तिथे अडलंय.