तोकोनामेची झिलईविना लंबगोल कुंडी : पुण्याच्या पावसात ज्युनिपरसाठी कितपत योग्य?

ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाच्या बोन्सायसाठी कुंडी घेताना बहुतेक जण आधी रंग पाहतात, मग आकार, आणि तळाची भोके पाहतात ती बहुधा कुंडी घरी आल्यावर. हा क्रम नेमका उलटा असायला हवा, असे माझे मत आहे. जपानमधील तोकोनामे येथे घडवलेली, लालसर तपकिरी रंगाची, झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली एक लंबगोल कुंडी एक संपूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा वापरल्यावर ते अधिकच पक्के झाले आहे. कुंडी बाहेरच्या मापाने ३० सेंटिमीटर लांब, २३ सेंटिमीटर रुंद आणि साधारण ७.५ सेंटिमीटर खोल आहे. तिच्यात लावलेले झाड म्हणजे आपल्याकडच्या नर्सऱ्यांत ‘ज्युनिपर प्रोस्ट्राटा’ या नावाने मिळणारे, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचे, एका बाजूला झुकलेले आणि बुंध्याशी ४.५ सेंटिमीटर जाड असे झाड आहे; खोडावर एका बाजूने साल काढून पांढऱ्या लाकडाची पट्टी राखलेली आहे.

तोकोनामे हे आइची प्रांतातील, इसे उपसागराच्या काठावरचे गाव जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एक मानले जाते. सेतो, शिगाराकी, बिझेन, तांबा आणि एचिझेन ही उरलेली पाच. बाराव्या शतकापासून तेथे मातीची भांडी भाजली जात आहेत आणि २०१७ साली या सहाही केंद्रांना मिळून ‘जपान हेरिटेज’चा दर्जा मिळाला. बोन्सायवाल्यांना हे गाव कुंड्यांमुळे ठाऊक असले, तरी इतरांसाठी त्याची ख्याती चहाच्या लाल किटल्यांची आहे, आणि मेजी काळात (१८६८ ते १९१२) तर सांडपाण्याचे भाजलेले नळ बनवण्याचा तेथे मोठा धंदा होता. पाणी न अडखळता बाहेर कसे पडावे, हे अशा गावाला कोणी वेगळे शिकवावे लागत नसावे.

आता खोलीविषयी, कारण या परीक्षणातला कळीचा मुद्दा तोच आहे. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोनतृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. माझ्या झाडाला तो लावला तर लांबी ३० सेंटिमीटर येते, ती मी जशीच्या तशी पाळली. पण खोली जेमतेम साडेचार सेंटिमीटर येते, आणि ती मात्र मी जाणूनबुजून ओलांडली. उथळ कुंडीतून पाण्याचा निचरा लवकर होतो, ही समजूत चुकीची आहे. माती किंवा खडीच्या मिश्रणात पाणी घातल्यावर जास्तीचे पाणी भोकांतून निघून जाते, तरी तळाशी एक ओलागच्च थर उरतोच, आणि त्या थराची उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसते, तर कणांच्या आकारावर असते. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब पडायचे थांबू द्या, आणि मग तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळू लागेल. समजा, आपल्या मिश्रणात हा थर दोन सेंटिमीटरचा राहतो. चार सेंटिमीटरच्या कुंडीत तो निम्मी जागा व्यापतो, तर सातच्या कुंडीत एकतृतीयांशाहूनही कमी. ज्युनिपरच्या मुळांना हवा लागते. ती कुजली तरी पालवी आणखी कित्येक आठवडे हिरवीच दिसत राहते, त्यामुळे झाड गेल्याचे आपल्याला कळते तेव्हा करण्यासारखे काहीच उरलेले नसते. जून ते सप्टेंबर दिवसचे दिवस उघडीप न देणाऱ्या हवेत, प्रदर्शनात शोभणारी अतिउथळ कुंडी ज्युनिपरला देणे मला जोखमीचे वाटते. पुण्यात वर्षाकाठी जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही ही स्थिती आहे. दोन हजार मिलिमीटर ओलांडणाऱ्या मुंबईत आणि कोकणात खोलीचा हा हिशेब अधिकच काटेकोरपणे करायला हवा.

प्रत्यक्ष वापरात कुंडीने या बाबतीत निराश केले नाही. विटांचे तुकडे, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि थोडे जुने शेणखत असे, बारीक भुकटी चाळून टाकलेले मिश्रण मी वापरले आहे. तळाला दोन मोठी भोके आहेत आणि शिवाय झाड तारेने बांधण्यासाठी चार लहान छिद्रे आहेत. पाय पुरेसे उंच असल्याने फरशीवर ठेवली तरी खालून हवा खेळते. मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र दुकानात सहसा कोणी पाहत नाही अशी आहे: आतला तळ भोकांकडे किंचित उतरता असून भोकांच्या कडा तळाशी सपाट आहेत. स्वस्त कुंड्यांत भोक पाडताना माती आतल्या बाजूला ढकलली जाते, तिची कड उंच राहते, आणि भाजताना तळ जरासा खचला की भोक असूनही कुंडीत पाण्याचे डबके साचते. याची परीक्षा सोपी आहे. रिकामी कुंडी सपाट जागी ठेवून तिच्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि शेवटी काय उरते ते पाहावे. पूर्वी एका नर्सरीतून घेतलेल्या झिलईच्या निळ्या कुंडीत या परीक्षेत बोटभर पाणी तसेच राहिले होते. तोकोनामेच्या कुंडीत तळ ओला झाला, इतकेच.

झिलई नसलेली कुंडी ‘श्वास घेते’, म्हणून ती ज्युनिपरला चांगली, असे विक्रेते हमखास सांगतात. आपल्या कुंभाराकडच्या साध्या लाल मातीच्या कुंडीबाबत ते खरे आहे, कारण ती कमी तापमानाला भाजलेली असते आणि तिच्या भिंतींतून पाणी झिरपून उडून जाते. तोकोनामेची बोन्सायची कुंडी अकराशे अंश सेल्सिअसच्याही वर भाजली जाते. त्या उष्णतेत मातीतील छिद्रे जवळजवळ बंद होतात आणि झिलई नसली तरी भिंत पाणी फारसे शोषत नाही. कोरड्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब ठेवून पाहिले तर फरक लगेच दिसतो: साध्या मातीवर तो तत्काळ जिरतो, येथे तो बराच वेळ तसाच राहतो. इतक्या कडक भाजणीचे मुख्य कारण जपानचा हिवाळा आहे. भिंतीत मुरलेले पाणी गोठले की ते आकाराने सुमारे नऊ टक्के वाढते आणि कुंडी तडकते. पुण्यात कुंडीतले पाणी गोठत नाही, तेव्हा आयात केलेल्या कुंडीसाठी आपण जे पैसे मोजतो, त्यांतला काही भाग आपल्याला कधीही न लागणाऱ्या गुणासाठी असतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

मग झिलई नकोच, ही परंपरा कशासाठी? उत्तर बहुतांशी दृष्टीचे आहे. सूचिपर्णी झाडांना मातीच्याच रंगाच्या, मंद पृष्ठभागाच्या कुंड्या आणि फुला-फळांच्या किंवा पानगळीच्या झाडांना रंगीत झिलईच्या कुंड्या, असा संकेत जपानी बोन्सायमध्ये रुळलेला आहे. ज्युनिपरची साल घासून स्वच्छ केली की ती दालचिनीसारखी तांबूस दिसते, आणि कुंडीचा लालसर तपकिरी रंग तिच्याशी जुळतो. पांढरे लाकूड, गर्द हिरवी पालवी आणि तांबूस खोड हे तीन रंग आधीच असताना चौथा चकचकीत रंग आणला की नजर कुंडीवरच खिळते. निळ्या कुंडीत हेच झाड मी पाहिलेले आहे, त्यामुळे हे केवळ शास्त्रार्थ म्हणून मान्य करण्याची गरज मला पडली नाही. लंबगोल आकार झुकलेल्या, नाजूक खोडासाठी घेतला. जाडजूड, ताठ आणि भरपूर सुके लाकूड असलेल्या ज्युनिपरला टोकदार कोपऱ्यांची आयताकृती कुंडी अधिक शोभते.

तक्रारीही आहेत. पहिली किमतीची: साधारण याच मापाची देशी झिलईची कुंडी जेवढ्याला मिळते, त्याच्या पाच-सहा पट रक्कम येथे द्यावी लागते, आणि वाटेत फुटण्याची धास्ती वेगळीच. दुसरी तक्रार काठाची. तो किंचित आत वळलेला आहे. दिसायला सुरेख असला तरी पुढच्या वेळी मुळांचा गड्डा बाहेर काढताना कडेने सुरी फिरवावी लागणार, हे उघड आहे. तिसरी पाण्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरवेलचे जड पाणी येते, आणि त्याचे पांढरे डाग गडद, मंद पृष्ठभागावर फार उठून दिसतात; झिलईच्या कुंडीवर ते ओल्या फडक्याने निघून जातात, येथे पातळ व्हिनेगर आणि काथ्या घेऊन घासावे लागते. तार बांधायची छिद्रेही अरुंद आहेत, जाड तार कशीबशी जाते. एप्रिल-मे महिन्यांत गडद रंगाची भिंत दुपारच्या उन्हात हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून त्या काळात मी कुंडी पूर्वेच्या बाजूला, सकाळचेच ऊन मिळेल अशी हलवली; हा दोष अर्थात या एका कुंडीचा नाही.

ज्यांचे ज्युनिपर अजून पेन्सिलीएवढ्या खोडाचे आहे, त्यांनी ही किंवा कुठलीही देखणी कुंडी घेऊ नये. आखूड जागेत मुळे कोंडली की खोड जाड होण्याचा वेग अगदी मंदावतो, आणि त्या टप्प्यावर प्लास्टिकची भाजी धुवायची चाळणी किंवा साधी मातीची कुंडी याहून अधिक काम देते. चाळणीच्या भोकांतून हवा लागल्याने मुळे गोल-गोल फिरत न बसता फाटे फोडतात. खोड हवे तेवढे झाले, फांद्यांची मांडणी ठरली, त्यानंतरच या खर्चाचा विचार करावा.

आणि तेव्हाही आयातच करावी, असा माझा आग्रह नाही. कडक भाजणीची स्टोनवेअर भांडी बनवणारे स्टुडिओ आता आपल्याकडेही आहेत. मापे, पायांची उंची, भोकांची संख्या आणि आतला उतार कागदावर काढून दिला, तर ते झिलईविना कुंडी करून देतात. फक्त मोठ्या आकारात वाकलेपणा येतो, म्हणून ताब्यात घेताना ती सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे आणि बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकावा. खणखणीत नाद आला तर कुंडी सलग आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारी चीर असण्याचा संभव असतो. माझ्याकडचा दुसरा, खाली झेपावणारा ज्युनिपर सध्या मातीच्या कुंडीत वाढतो आहे. त्याला खोल चौकोनी कुंडी लागेल, आणि तेवढ्या खोलीत निचऱ्याची चिंता मुळातच कमी असल्याने ती मी येथेच बनवून घेणार आहे: बाहेरून १५ सेंटिमीटर चौरस, १६ सेंटिमीटर खोल, तळाला एकच मोठे भोक आणि काठ सरळ, आत न वळलेला.