सणांची चित्रपुस्तकं वर्गात: वर्षभर वापरल्यानंतर

माझा वर्ग चौथीचा, शाळा चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. बाकावर मराठवाड्यातली, बिहारची, ओडिशाची मुलं शेजारी-शेजारी. सण म्हटला की तोरण आणि दहा ओळींचा निबंध, एवढ्यावर भागत नव्हतं, म्हणून चित्रपुस्तकं आणली. काही विकत घेतली, काही स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून उतरवली. प्रथम बुक्सचं हे भांडार २०१५ पासून मोफत खुलं आहे आणि गोष्टी छापून वाटायलाही परवानगी आहे.

सगळ्यात रंगलं ते छठचं, म्हणजे बिहारकडच्या सूर्यपूजेच्या सणाचं पुस्तक. मजकुरावर कागदाची पट्टी लावून आधी नुसतं चित्र दाखवलं. कमरेएवढ्या पाण्यात उभी बाई, हातात सूप, त्यात केळी आणि ऊस. “बाई, सुपात तर पाखडतात ना?” इथल्या मुलांनी लगेच विचारलं. एरवी तोंड न उघडणारा बिहारचा एक मुलगा उठला. सूर्य उगवत नाहीये, बुडतोय, हे त्यानं ठासून सांगितलं. पहिलं अर्घ्य मावळत्याला, दुसऱ्या सकाळी उगवत्याला. मग ठेकुआ: कणीक, गूळ, तूप, साच्यावर दाबून तळायचं. पुढचा अर्धा तास वर्ग त्याचाच होता.

ईदच्या पुस्तकामुळे भिंतीवरची दिनदर्शिका खाली आली. २०२४ मध्ये ईद ११ एप्रिलला, २०२५ मध्ये ३१ मार्चला, असं का? चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. आपण अधिक महिना घालून ती तूट भरतो, हिजरी वर्षात भरत नाहीत. मुलांनी हे बोटांवर मोजून काढलं.

विकत घेताना एका घरातली गोष्ट सांगणारं पुस्तक निवडा. नुसती सणाची माहिती देणारी माझ्याकडे कपाटातच राहिली. छापायचं तर रंगीतच, झेरॉक्समध्ये गुलाल आणि राख सारखीच दिसते. गुळगुळीत पानावर ट्यूबलाइट चमकते, त्यामुळे आठ-आठ मुलांना गोल बसवून दाखवलेलं बरं. काही अनुवादांचं मराठी ताठ आहे, तिथे मी सरळ आमच्या बोलीत सांगते.

एक गोष्ट मात्र फार खटकते. दिवाळीच्या बहुतेक पुस्तकांत झगमगतं घर आणि नवे कपडे. माझ्या वर्गातल्या काहींचे आजी-आजोबा अजून ऊसतोडीला जातात, आणि गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो. ट्रॉलीत भांडीकुंडी भरता-भरता होणारी ती दिवाळी दाखवणारं चित्रपुस्तक मी अजून शोधते आहे. कुणाच्या पाहण्यात असेल तर नक्की सांगा.